सगुणा साळिंदरीण आणि धुतलेली गाडी

एका जंगलात एक मोटारगाडी राहत होती.

राहत होती म्हणजे, मुलांनो, उभी होती. पण इतकी वर्षं उभी होती की सगळे ती राहते असंच म्हणायचे. एका राजाने शिकारीला येताना ती आणली. शिकार मिळाली नाही आणि पेट्रोल संपलं. राजा चालत घरी गेला. राजाला चालताना बघून प्रजेला इतका आनंद झाला की राजाने पुन्हा त्या गाडीचं नाव काढलं नाही.

मग पेट्रोल आणायला कोणाला पाठवलं का नाही, असं विचारू नका. मलाही ते नीटसं माहीत नाही. गोष्टीतले राजे असंच करतात.

तर गाडी जांभळाच्या झाडाखाली राहिली, आणि गाडीत राहायला लागली सगुणा साळिंदरीण. तिला तीन पिल्लं होती. थोरला काटू, मधली सुई आणि धाकटी. धाकटीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. सगुणाला सकाळी एखादं नाव सुचायचं, फार आवडायचं, आणि दुपारपर्यंत वाटायचं, मोठेपणी हिला यावरून कोणी चिडवलं तर? म्हणून ती धाकटीच राहिली. पिल्लांचे बाबा कंदमुळांच्या कामाला डोंगरापलीकडे असत. ते घरी आले की दमलेले असत.

पिल्लं डिकीत झोपायची. सगुणा पुढच्या सीटवर झोपायची, म्हणजे तसा प्रयत्न करायची. गाडीचं डावं दार उघडताना करकरायचं. ती करकर ऐकली की आई आली हे पिल्लांना कळायचं आणि ती डोळे मिटायची. दुसऱ्या कशानेही मिटायची नाहीत.

उजव्या दाराशी एक पितळी भोंगा होता. त्याला मागे रबरी फुगा होता. हा भोंगा फार महत्त्वाचा आहे, तेव्हा इकडे लक्ष द्या.

जंगलात एक बिबट्या होता. ऊन उतरलं की तो जांभळाखाली चक्कर मारायचा. मोठी साळिंदरं बिबट्याला टोचतात. पण पिल्लांचे काटे मऊ असतात, आणि मऊ काटे बिबट्याला चालतात. मग सगुणा तो फुगा दाबायची. हळूच, तळव्याने, आपला काटा त्याला लागू न देता. भोंगा म्हणायचा, पोंऽऽ. बिबट्याला वाटायचं, राजा परत आला. तो शेपूट खाली घालून पळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा आणि पुन्हा पळायचा. बिबट्या हुशार असतो असं पुस्तकात लिहिलेलं आहे, पण ते पुस्तक त्या बिबट्याने वाचलेलं नव्हतं.

म्हणजे घर बरं होतं. पण नुसतं बरं असून आईचं भागत नाही.

एकदा शेजारच्या मुंगसेवहिनी आल्या. त्या मुंगूस होत्या.

"अजून गाडीतच का हो तुम्ही?"

"हो, सध्या."

"नाही, छानच आहे. हवेशीर आहे. आमच्या मुलांना बाई बिळाशिवाय झोपच येत नाही. दोन तोंडांचं आहे ना आमचं, पुढून आणि मागून." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "गंजाचं काही होत नाही ना मुलांना?"

मुंगसेवहिनी गेल्या. गंज राहिला. त्या दिवसापासून सगुणाला गाडीत गंजाशिवाय काही दिसेना. काटू शिंकला की गंज. सुईने जेवायला नकार दिला की गंज. धाकटीला अजून एकही दात का नाही? गंज.

आणि नेमके त्याच आठवड्यात तरसेकाका आले.

तरसेकाका तरस होते आणि जुन्या मालाचा धंदा करायचे. आधी त्यांचा हाडांचा धंदा होता. एखादा हत्ती म्हातारपणाने गेला की काका तिथे सगळ्यांच्या आधी हजर. कोणाला बरगड्या, कोणाला शेपटीचे केस. अख्खा हत्ती कोणालाच नको असतो, असं ते म्हणायचे. सुटा हत्ती सगळ्यांना हवा असतो.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर हुंगला.

"वहिनी, गाडी कोणाची ही?"

"गाडी नाही काका, आमचं घर आहे."

"असं पुन्हा कोणासमोर म्हणू नका. ही क्लासिक आहे. क्लासिकमध्ये कोणी राहत नसतं. क्लासिककडे बघत असतात."

सगुणाने गाडीकडे बघितलं. तिला धाकटीचा लंगोट वाळत घातलेला दिसला. तिने तो पटकन काढला.

"मोरेश्वरराव मोर ठाऊक आहेत ना?" तरसेकाका म्हणाले. "त्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. ही गाडी त्यांना देऊ. आणि बदल्यात टेकडीवर माझ्या बिळांचं काम चाललंय, त्यातलं एक तुम्हाला. पक्कं बीळ. दोन तोंडांचं."

"दोन तोंडांचं?"

"पुढून आणि मागून. गंजाला जागाच नाही."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. जंगलात कोणाला तरी आपल्या पिल्लांची काळजी आहे असं तिला वाटलं.

"उद्या सकाळी साहेबांना घेऊन येतो," तरसेकाका म्हणाले. "तुम्ही काही करू नका. अगदी काही म्हणजे काहीच करू नका."

आता मुलांनो, उद्या पाहुणे येणार आहेत आणि तुम्ही काही करू नका, असं आईला सांगितलं तर काय होतं?

बरोबर.

उजाडायच्या आत सगुणा ओढ्यावर गेली. पळसाच्या द्रोणांनी तिने पाणी आणलं. छतावरचे जांभळाचे डाग घासले. आरशांतली कोळिष्टकं काढली. बोनेटवर बोटभर धूळ होती, ती आधी झाडली, मग ओल्या पाल्याने पुसली, मग कोरड्या पाल्याने. काचा दोनदा धुतल्या. भोंगा राखेने घासून पिवळाधमक केला. शेवटी पुढच्या काचेशी तिने रानफुलं ठेवली. ती तिला जरा जास्त वाटली, म्हणून काढली. मग परत ठेवली.

तरसेकाका आले आणि मटकन खालीच बसले.

"धुतली?"

"पुसली नुसती," सगुणा म्हणाली. "काचा तेवढ्या धुतल्या."

मागून मोरेश्वरराव आले. त्यांचा पिसारा अर्धा उघडा होता. गाडी बघितली आणि तो एकेक पीस करत मिटला.

"धूळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काढली ना. फार होती हो. मला लाज वाटत होती."

"राजेसाहेबांच्या वेळची धूळ होती ती," मोरेश्वरराव हळू आवाजात म्हणाले. "बाई, गाड्या काय कोणाकडेही असतात. इतक्या वर्षांची, कोणी बोट न लावलेली धूळ कोणाकडे असते?"

हे तुम्हाला विचित्र वाटेल. सगुणालाही वाटलं. पण जुन्या गाड्यांच्या नादी लोकांत रीतच तशी आहे. जुनी गाडी सापडली की तिला आधी हातसुद्धा लावायचा नाही. लांबून बघायची, धूळ बघायची, सुस्कारा सोडायचा. धूळ हाच तिचा दाखला. साफ केली की ती नुसती गाडी होते.

"कुठे टाकलीत ती धूळ?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"ओढ्यात."

मोरेश्वरराव ओढ्याच्या काठाने थोडं अंतर चालत गेले. मग परत आले.

"धुतलेली गाडी घेऊन मी चारचौघांत काय तोंड दाखवू? मला नको."

सगुणाला वाटलं, आपण पिल्लांचं बीळच ओढ्यात सोडून दिलं. पुढून आणि मागून. आपण कधी नव्हे ते नीट काम करायला गेलो आणि तेच चुकलं. बाकीच्या आयांना हे कुठून कळतं, काय पुसायचं आणि काय नाही?

तरसेकाका मात्र धंद्यात मुरलेले. ते उठले.

"साहेब, धुतलेली गाडी चालत नाही, मान्य. पण धुतलेला पार्ट? तुमच्या गाडीला दारं कुठे आहेत?"

"दारं नाहीत," मोरेश्वरराव म्हणाले.

"दिवे?"

"नाहीत."

"भोंगा?"

"भोंग्यावाचून तर सगळं अडलंय."

"तुमच्याकडे पण अशीच गाडी आहे का हो?" सगुणाने विचारलं.

"हीच. आजोबांपासून रिस्टोअर करतोय आम्ही."

मोरेश्वररावांनी पंखाखालून मखमलीचं छोटं गाठोडं काढलं. उघडलं. आत चांदीचा एक हंस होता, मुठीएवढा. बोनेटच्या टोकावर लावतात तो.

"ही आमची गाडी," ते म्हणाले. "म्हणजे सुरुवात. बाकीची तेवढी लागायची आहे."

सगुणाने हंसाकडे बघितलं. मग ती अदबीने म्हणाली, "छान आहे. चालते का?"

मोरेश्वररावांना फार लागलं ते. "चालवायची असती, तर नवी नसती घेतली?"

तेव्हा ठरलं असं. सगुणाने एकेक पार्ट द्यायचा. तरसेकाकांनी त्या बदल्यात बिळाचा एकेक भाग द्यायचा.

पहिल्यांदा दारं गेली. तरसेकाकांनी सगुणाला माळावर नेलं. पायाने जमिनीवर एक गोल काढला.

"हे तुमच्या बिळाचं तोंड. पूर्वेकडे आहे. सकाळचं कोवळं ऊन."

"आणि बीळ?"

"आता तोंड झालं. मग बीळ होईल."

"पण टेकडी कुठे दिसत नाही काका."

"टेकडी शेवटी येते वहिनी. हल्ली असंच करतात."

सगुणाला आणखी विचारायचं होतं. पण हल्ली असंच करतात म्हटल्यावर विचारणाराच जुनाट ठरतो.

दार नाही म्हणून पिल्लं झोपेनात. मग सगुणा बाहेरून येताना तोंडानेच करकर आवाज काढायला लागली. काटू म्हणाला, "आई, दार थोडं जाड आवाजात करकरायचं." तिने जाड आवाजात करकर केलं. पिल्लं झोपली. तिचा घसा बसला.

दिवे गेले, मागचं तोंड आलं. तोही एक गोलच होता. सीट गेल्या, त्यांच्या बदल्यात आतलं वळण आलं. ते तरसेकाकांनी हवेत हात फिरवून दाखवलं. छत गेलं तेव्हा ते म्हणाले, "याचं तुम्हाला पुढे कळेल."

मग ते भोंग्यापाशी आले.

"भोंगा नको," सगुणा म्हणाली. "बिबट्या येतो रोज."

"बिबट्या बिळात शिरतो का?"

"नाही शिरत."

"मग बिळात भोंगा कशाला?"

"पण काका, बीळ अजून..."

"तेच तर सांगतोय. तुमच्या भोंग्यापायी टेकडी अडलीय. शेजारच्यांनी सगळं देऊन टाकलं, तुमचंच तेवढं राहिलंय."

शेजारी कोण, हे सगुणाने विचारलं नाही. आपल्यामुळे कोणाचं तरी अडलंय म्हटलं की ती काहीही देऊन टाकायची. तिने भोंगा हळूच, फुग्याला काटा न लागू देता, सोडवून दिला.

त्यानंतर चाकं, तळ आणि उरलंसुरलं सगळं गेलं. जांभळाखाली गवताचा पांढुरका चौकोन तेवढा राहिला. सगुणा पिल्लांना घेऊन नव्या घरी राहायला गेली. म्हणजे माळावर, दोन गोलांच्या मध्ये, उघड्यावर बसली.

"इथून आत यायचं," तिने पिल्लांना शिकवलं. "तिथून बाहेर जायचं. मध्ये पाय ठेवू नका, तिथे भिंत येणार आहे."

मुंगसेवहिनी बघायला आल्या. "छान आहे हो. मोकळं."

बिबट्याही बघायला आला. पहिल्या संध्याकाळी तो लांब बसला. सगुणा पिल्लांवर आडवी झाली आणि अंगावरचे काटे वाजवत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी तो थोडा पुढे बसला. तिसऱ्या संध्याकाळी तो पुढच्या तोंडापाशी बसला. तोंडातून आत यायचं असतं, एवढं त्यालाही कळत होतं.

इकडे मोरेश्वररावांची गाडी पूर्ण झाली. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. गाड्या रानगवे ढकलत आणत. परीक्षक होते अण्णा कासव. राजाची गाडी नवी असताना बघितलेलं दुसरं कोणी जिवंत नव्हतं, म्हणून ते परीक्षक.

अण्णा गाडीभोवती फिरले. सकाळी निघाले ते दुपारी परत आले.

"सगळं आहे," ते म्हणाले. "पण वास नाही."

"कसला वास?" मोरेश्वरराव घाबरले.

"राजाची मुलं मागच्या सीटवर ओकायची. दर वळणाला. त्या गाडीला लहान मुलांचा वास यायचा. त्याशिवाय ही ती गाडी नव्हे."

मोरेश्वररावांनी तरसेकाकांकडे बघितलं.

"वास आहे ना साहेब," तरसेकाका म्हणाले. "घेऊन येतो."

ते धावत माळावर आले.

"वहिनी, एक पार्ट राहिला."

"आता काही नाही राहिलं काका."

"तुम्ही राहिलात."

तर अशा रीतीने, मुलांनो, सगुणा आणि तिची पिल्लं ओरिजिनल सामान म्हणून गाडीत बसवण्यात आली. सीटवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. समोर पाटी होती, हात लावू नये. भोंग्याला वेगळी पाटी होती. राजेसाहेबांनंतर एकदाही न वाजलेला. ती तरसेकाकांनी लिहिली होती.

सगुणाने डावं दार उघडलं. ते करकरलं.

तिन्ही पिल्लांनी उभ्या उभ्या डोळे मिटले. सगुणाही प्लॅस्टिकवर टेकली आणि कितीतरी दिवसांनी तिला डुलकी लागली. अण्णांनी खिडकीतून हुंगलं आणि मान हलवली. "हां. आता बरोबर." मोरेश्वरराव बोनेटवर चढले आणि त्यांनी पिसारा फुलवला.

सगुणाला जाग आली ती धाकटी मांडीवर नाही म्हणून. धाकटी दाराबाहेरच्या फळीवर बसून मुंग्या मोजत होती. म्हणजे चाटत होती. आणि फळीच्या पलीकडे, प्रेक्षकांत, बिबट्या उभा होता.

कोणीच काही म्हणत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघून सरकून घेत होते. सगुणाला वाटलं, आपण उगाच घाबरतोय का? तोही प्रदर्शन बघायलाच आला असेल. त्यालाही नाद असेल. आपल्याला सगळ्यातच काहीतरी दिसतं, असं पिल्लांचे बाबाही म्हणतात.

बिबट्याने मोरेश्वररावांकडे बघितलं. त्यांची त्याच्याकडे पाठ होती. मग त्याने धाकटीकडे बघितलं. तिचे काटे मऊ होते. तो खाली दबला.

सगुणाचा हात फुग्याकडे गेला.

"वहिनी, हात," तरसेकाका दबक्या आवाजात म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही. किंमत जाईल."

"कोणाची?" सगुणाने विचारलं, आणि फुगा दाबला.

पोंऽऽ.

बिबट्याला वाटलं, राजा आला. तो पळाला. प्रेक्षकांनाही तसंच वाटलं. तेही पळाले. रानगवे झाडीत शिरले. अण्णाही पळाले, पण ते जिथे होते तिथेच दिसत होते.

मोरेश्वरराव बोनेटवरून खाली उतरले. त्यांची दोन पिसं गळली होती.

"तुम्ही माझा जीव वाचवलात," ते म्हणाले.

"हो," सगुणा म्हणाली. तिने धाकटीला घट्ट धरलं होतं. तिचे काटे धाकटीला टोचत होते आणि धाकटी तशी तक्रार करत होती.

"पण भोंगा वाजवलात."

"हो."

"एकदाच वाजला साहेब," तरसेकाका म्हणाले. "पुसून टाकू."

"रोज वाजवायचे मी," सगुणा म्हणाली. तिला थांबता येईना. "रोज संध्याकाळी. आणि काटू या सीटवर ओकलाय. आणि सुईने या दाराचं अस्तर खाल्लंय. आणि धूळ मी परत पुसणार."

अण्णा हळूहळू माघारी वळले आणि त्यांनी निकाल सांगितला. "वापरातली गाडी."

त्या लोकांत याहून मोठी शिवी नाही. मोरेश्वररावांनी मान खाली घातली. बोनेटवरचा हंस फिरवून काढला आणि मखमलीत गुंडाळला.

"सुरुवात अजून आहे माझ्याकडे," ते म्हणाले, आणि बाकीची गाडी शोधायला निघून गेले.

"आता या गाडीचं काय?" सगुणाने विचारलं.

"घेऊन जा," तरसेकाका म्हणाले. "वापरातली आता सुटीसुद्धा जाणार नाही."

"आणि तुमची ती तोंडं? परत घेऊन जा."

"असू द्या वहिनी. टेकडी आली की लागतील."

झाडीतले रानगवे बाहेर आले. त्यांनी गाडी ढकलत ढकलत जांभळाखाली नेली आणि त्या पांढुरक्या चौकोनावर बरोबर उभी केली.

सगुणा अजून तिथेच राहते. रोज सकाळी ओल्या पाल्याने गाडी पुसते. गंजाची काळजी ती अजूनही करते, पण पुसताना करते. संध्याकाळी भोंगा वाजतो आणि बिबट्या पळतो. मुंगसेवहिनी येतात आणि म्हणतात, "अजून गाडीतच का हो?" सगुणा म्हणते, "हो, वापरतोय."

एकदा तरसेकाका लांबून येताना दिसले. गाडीकडे बघत ते नाक वर करून हुंगत होते. सगुणाने डिकी उघडली.

"काटू, सुई, धाकटे," ती म्हणाली, "या बाहेर. सीटवर उड्या मारा."

तरसेकाकांनी थोडा वेळ ते बघितलं आणि ते आल्या वाटेने परत गेले.

तात्पर्य: आपली वस्तू आपल्याकडेच राहावी असं वाटत असेल, तर तिला जिवापाड जपू नये. ती रोज थोडीथोडी खराब करत राहावी.

हे सोफ्याला लागू नाही. खाली उतरा.